कॅपची दुसरी यादी लागली आणि घर गप्प झालं

गोदाकाठ:
नमस्कार. इथे सहा-सात वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. रात्रीचे पावणेबारा वाजलेत. घरातले दोघंही झोपलेत, निदान दिवे तरी बंद आहेत.

मुलाने यंदा बारावी केली. एमएचटी-सीईटीला, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेला, पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ९६.४ पर्सेंटाइल. आम्ही नाशिकचे, ओपनमधले. क्लासच्या सराव परीक्षांत तो ९८-९९ च्या आसपास असायचा. त्यामुळे घरात पुण्याचं सीओईपी, नाहीतर मुंबईचं व्हीजेटीआय, अगदीच नाही तर पुण्याचंच पीआयसीटी, असं बोललं जायचं. बोललं जायचं म्हणजे मीच बोलायचे. भाजी निवडताना, गाडीवर मागे बसल्यावर, त्याच्या मावशीशी फोनवर. तो ऐकत असायचा.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, पहिल्या फेरीला आम्ही फॉर्मात मोठी मोठी बाराच कॉलेजं टाकली होती. काहीच लागलं नाही. दुसऱ्या फेरीला यादी सत्तावीसपर्यंत वाढवली आणि आज त्यातला एकविसावा पर्याय लागला. नाशिकमधलंच एक कॉलेज, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. कॉलेजचं नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नाही.

संध्याकाळी समोरच्या घरातून पेढे आले. त्यांच्या मुलीला सीओईपी मिळालं. लहानपणापासून दोघं एकाच रिक्षाने शाळेत जायचे. मी तिला जवळ घेतलं, मनापासून घेतलं, खरंच गुणी मुलगी आहे. दार लावलं, बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. बाहेर आले तर मुलगा पॅसेजमध्ये उभा. म्हणाला, "आई, नळ चालू ठेवला तरी ऐकू येतं."

तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. मिस्टर सातपूर एमआयडीसीत आहेत, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेले. यादी लागल्यापासून ते एक शब्द बोललेले नाहीत. जेवले आणि गॅलरीत बसून राहिले. मुलगा विचारतोय, फ्रीझ करू, म्हणजे हीच जागा पक्की करू, की बेटरमेंटला जाऊन पुढच्या फेरीत आणखी चांगलं मिळतंय का बघू. मावशी म्हणते, एक वर्ष ड्रॉप घेऊन परत परीक्षा देऊ दे. आणि मला एवढंच कळत नाहीये की त्याच्यासमोर मी कशी वागू. धीर द्यायला गेले की माझाच आवाज फुटतो.

खडू_डस्टर:
ताई, इंजिनिअरिंग कॉलेजात बावीस वर्षं शिकवतोय, प्रवेशाच्या कामातही असतो. आधी कोरडी माहिती देतो, म्हणजे निदान एक ओझं उतरेल.

बेटरमेंट घेतल्याने हातातली जागा जात नाही. जागा स्वीकारायचं शुल्क भरून बेटरमेंट निवडलं की पुढच्या फेरीत फक्त वरचे पर्याय बघितले जातात. वरचं काही लागलं तर आजची जागा आपोआप सुटते. नाही लागलं तर आजची तशीच राहते. मात्र एक लक्षात ठेवा. यंदा चार फेऱ्या आहेत आणि सक्तीचा नियम फेरीगणिक वाढत जातो. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो घ्यावाच लागत होता, दुसऱ्यात पहिल्या तिनांतला, तिसऱ्यात पहिल्या सहांतला. म्हणून तिसऱ्या फेरीच्या फॉर्मात वरचे सहा पर्याय असे टाका की त्यातला कुठलाही लागला तरी मुलगा खरंच तिथे जाईल. मागच्या वर्षीचे कट-ऑफ बघून क्रम लावू नका. यादी वरून खाली तपासत येतात, त्यामुळे आवडीचं आधी, हाच क्रम बरोबर. आणि फॉर्म त्याला भरू द्या. तुम्ही शेजारी बसा, माउस त्याच्या हातात.

आता पर्सेंटाइलचं. ९६.४ हे गुण नव्हेत, शंभरातली किती मुलं त्याच्या मागे आहेत त्याचा तो आकडा. यंदा पीसीएमला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती, म्हणजे एका पर्सेंटाइलमध्ये चार हजारांवर मुलं येतात. तुमच्या मुलाच्या पुढे साधारण पंधरा हजार आणि मागे जवळजवळ चार लाख. सीओईपीचं कॉम्प्युटर ओपनला ९९.९ च्या आसपास संपतं, तिथे लढाई काहीशे मुलांची असते. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं. वरच्या टोकाला चार-पाच प्रश्न वेळेत झाले नाहीत तर हजारोंनी क्रमांक मागे जातो. त्या दीड तासात कुणी कच्चा ठरत नाही. क्लासच्या सराव परीक्षेतला पर्सेंटाइल हा त्या परीक्षेला बसलेल्या मुलांमधला असतो, तो राज्याचा अंदाज म्हणून धरला की असं होतं. दरवर्षी किमान वीस-पंचवीस पालक माझ्यासमोर बसून हेच सांगतात.

ड्रॉपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मुलगा स्वतःहून, दोन-तीनदा, शांत डोक्याने म्हणाला तरच. मावशी म्हणते म्हणून नाही.

वऱ्हाडातून:
ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण एक सांगतो, राग मानू नका. माझ्या पोराला ६१ पर्सेंटाइल आहेत. आमच्या घरी कालपासून तुमच्यासारखंच चाललंय, आणि इथं येऊन ९६ वाल्याचं दुःख वाचलं तर मनाला लागलं. मी एसटीत कंडक्टर आहे. आमच्याकडे सीओईपीचं नावच कोणी काढलं नव्हतं. अमरावतीचं सरकारी कॉलेज, तेवढंच स्वप्न होतं. तेही नाही झालं.

गोदाकाठ:
दादा, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. लिहिताना माझ्या मनात हे आलंच नाही, आणि ते यायला हवं होतं. तुमचा मुलगा कसा आहे?

वऱ्हाडातून:
आता जरा बरा आहे. निकालाच्या दिवशी त्यानं खोलीचं दार लावून घेतलं होतं. बायको दाराशी बसून होती. दुसऱ्या दिवशी माझी यवतमाळ-अमरावती ड्यूटी होती. मी म्हटलं, चल माझ्यासंग. तिकीट काढून पुढच्या सीटवर बसवला. मला काय बोलायचं ते समजतच नव्हतं, आणि ड्यूटीवर बोलायला वेळ पण नसतो. नेरपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला. नेरच्या स्टँडवर चहा प्यायलो, तिथं तो आपणहून बोलला, बाबा मला गणित दहावीपासूनच समजत नव्हतं, तुम्हाला सांगायची भीती वाटत होती. तीन वर्षं पोरगं ते घेऊन हिंडत होतं, आणि मी त्याला रोज विचारत होतो, किती चॅप्टर झाले.

जवळच्याच कॉलेजात सिव्हिल मिळतं आहे. तो म्हणतो घेतो. गणिताच्या एका सरांशी बोललो, पहिल्या सेमिस्टरला संध्याकाळी शिकवतील. पुढच्या वर्षी पोरीची पाळी. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं की कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या मुलींची शिक्षण फी २०२४ पासून माफ आहे, तेवढा आधार आहे. पण तिला आतापासूनच विचारून ठेवलंय, तुला नक्की काय समजतं आणि काय नाही ते खरं सांग.

हरभरा:
वऱ्हाडातून, तुमची नेरच्या चहाची गोष्ट वाचून डोळे भरून आले.

मी लातूरचा. आमच्या गावात ही हवाच वेगळी असते. निकाल लागला की चौकाचौकात क्लासचे फ्लेक्स, त्यावर मुलांचे फोटो आणि गुण. ज्या पोरांचे फोटो त्यावर नसतात ती त्याच रस्त्याने दूध आणायला जातात.

मुलगी २०२४ च्या नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला होती. एक वर्ष ड्रॉप घेऊन दुसरा प्रयत्न. ४ जूनला, लोकसभेच्या निकालाच्याच दिवशी, अचानक निकाल लागला. तिला ७२० पैकी ६१० पडले. आम्ही देवापुढे साखर ठेवली, कारण आदल्या वर्षी एवढ्या गुणांना राज्यात ओपनमधून सरकारी एमबीबीएस मिळत होतं. दोन तासांत कळलं की यंदा ६१० ला काहीच मिळणार नाही. ६७ जणांना पैकीच्या पैकी. पुढचे दोन महिने कोर्ट, फेरपरीक्षा, बातम्या. त्या दोन महिन्यांनी आम्हाला जास्त पोखरलं. रोज वाटायचं, आज काहीतरी होईल. मी रात्री दोनला उठून मोबाईल बघायचो. पोरगी मला म्हणाली, "पप्पा, तुम्ही आशा सोडत नाही म्हणून मलाही सोडता येत नाही." त्या दिवशी मी बघणं बंद केलं.

नीटच्याच गुणांवर पशुवैद्यकीयची यादी लागते. तिने परभणीला प्रवेश घेतला. खरं सांगतो, पहिले सहा महिने पाहुण्यांनी विचारलं की मी नुसतं "परभणीला डॉक्टरकीला आहे" म्हणायचो. ढोरांची डॉक्टर म्हणायला जीभ रेटत नव्हती. माझ्या वडिलांच्या दावणीला आयुष्यभर बैल होते, तरी. यंदाच्या उन्हाळ्यात ती घरी आली आणि शेजारच्यांची गाय अडली. वासरू आडवं आलं होतं. डॉक्टर पोचायला तासभर लागला. पोरगी अजून शिकाऊच, हात घालायची परवानगी नाही तिला. पण तासभर ती गायीच्या डोक्याशी बसून होती, फोनवर डॉक्टरांना एकेक खूण सांगत होती. डॉक्टर आले, दोघांनी मिळून सोडवली. वासरू जगलं. आता मी नीट सांगतो, पोरगी जनावरांची डॉक्टर होते आहे. एमबीबीएसची हळहळ गेली का? नाही. पांढरा कोट घातलेली शेजारची पोरगी दिसली की अजून दुखतं. पण ते माझं दुखणं आहे, तिला मी ते दाखवत नाही.

ड्रॉपबद्दल खडू_डस्टर सरांशी सहमत. आमच्या ड्रॉपच्या वर्षात पोरीने एकाही लग्नाला हजेरी लावली नाही, केस गळायला लागले. ते वर्ष परत दिलं तर मी घेणार नाही.

दुसरीबेंच:
मी १९ वर्षांचा आहे, पालक नाही, तरी लिहितोय कारण मागच्या वर्षी मी गोदाकाठ काकूंच्या मुलाच्या जागी होतो.

मला कशाचा त्रास झाला ते सांगतो. बाबा दिवसातून दहा वेळा "काही हरकत नाही" म्हणायचे. एवढ्या वेळा म्हणायला लागतंय म्हणजे हरकत आहे, हे मला कळत होतं. नापास होऊन मोठ्या झालेल्या माणसांचे व्हिडिओ फॉरवर्ड करायचे. आई माझ्या आवडीचंच जेवण करायची, रोज, जणू मी आजारी आहे. कुणी मला दळण आणायला पाठवत नव्हतं. मला घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं होतं.

एके दिवशी आजोबांनी नेहमीसारखं ओरडून सांगितलं की गॅलरीतल्या कुंड्या हलव आणि मग आंघोळ कर. तेव्हा कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

काकू, तुम्ही रडलात हे त्याला कळलंय ना, मग ते लपवू नका. फक्त कशासाठी रडलात ते एकदा सांगा. मला वाटत होतं, आई माझ्यामुळे रडते. खूप नंतर कळलं की तिला स्वतःला पुण्याला शिकायला जायचं होतं आणि पाठवलं नव्हतं.

पंचगंगा_आजी:
माझं वय ६८. नातीला डिप्लोमाला प्रवेश मिळाला तेव्हा मी कोल्हापुरात सगळ्या गल्लीत पेढे वाटले. कुणी विचारायच्या आत आपणच सांगायचं, म्हणजे प्रश्नाला धार राहत नाही. गोदाकाठ, तूही वाट.

दुसरीबेंच:
आजी, रागावू नका, पण आधी मुलाला विचारा. माझ्या घरी न विचारता पेढे वाटले असते तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मला त्या वेळी कुणालाच काही सांगायचं नव्हतं.

पंचगंगा_आजी:
बरोबर आहे बाळा. नातीला मी विचारलं नव्हतं. आता विचारीन, तेव्हा तिला कसं वाटलं म्हणून.

हडसनपलीकडे:
न्यू जर्सीतून लिहितेय. इकडे पद्धत सगळी वेगळी. एक परीक्षा नाही, एक यादी नाही. ऑगस्टपासून निबंध, शिफारसपत्रं, अर्ज, आणि मार्चअखेर एकेका विद्यापीठाच्या पोर्टलवर उत्तर. लेकीने तेरा ठिकाणी अर्ज केले होते. शेवटच्या आठवड्यात पाच दिवसांत सात नकार आले. सीईटीत निदान आकडा दिसतो. इथे का नाही घेतलं हे कुणीच सांगत नाही, मग मुलं आपल्या स्वभावातच खोट शोधतात. "मी माणूस म्हणून कमी पडले का" असं ती विचारत होती. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, नुसतं जवळ बसले.

निर्णय कळवायची मुदत १ मे. त्याआधी मंडळाचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम झाला. तिथे प्रत्येक जण विचारत होता, "मग? कुठे?" मी म्हणत होते, "अजून ठरतंय." ठरलेलं होतं. राज्याचं विद्यापीठ, रटगर्स. चौथ्या वेळी मी तेच म्हटलं तेव्हा लेक मागे होती. पुढे येऊन म्हणाली, "रटगर्स. मी रटगर्सला जातेय, मावशी." आणि ताटात पुरणपोळी घेऊन निघून गेली. परतताना गाडीत मी तिची माफी मागितली. तीन वर्षं झाली, पण ते वाक्य मी अजून विसरले नाही. चांगली शिकतेय, एवढंच सांगते. तिचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही, आणि ते ठरल्यावरच मी शांत होईन असंही आता राहिलेलं नाही.

निळीशाई:
शाळेत समुपदेशनाचं काम करते. सगळ्यांचं वाचून एकच भर घालते, कारण या दिवसांत ती राहून जाते.

मूल दोन-चार दिवस गप्प राहणं, चिडणं, जास्त झोपणं, हे दुःखातच येतं. पण झोप पूर्ण उडाली, जेवण सुटलं, जवळच्या वस्तू लोकांना देऊन टाकायला लागलं, "मी नसतो तर तुमचे पैसे वाचले असते" अशा वळणाचं काही बोललं, तर "असं बोलू नये" म्हणून विषय बदलू नका. सरळ विचारा, "तुला जगणं नकोसं वाटतंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आत असलेला बाहेर यायला वाट मिळते. त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पालकांनी स्वतःसाठी केला तरी चालतो. गोदाकाठ, हे तुम्हालाही लागू आहे.

आणि ते गॅलरीत गप्प बसलेले आहेत ना, त्यांच्याकडेही बघा. आईच्या दुःखाचा नळ तरी ऐकू येतो. बापाचं काहीच ऐकू येत नाही.

गोदाकाठ (तिसऱ्या फेरीनंतर):
दोन आठवडे गप्प होते. पण प्रत्येक प्रतिसाद तीन-तीनदा वाचलाय. काही मिस्टरांनाही वाचून दाखवले.

दुसरीबेंच, तुझं वाचून दुसऱ्याच दिवशी मी त्याला सांगितलं की मी का रडले. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं, परीक्षा राहून गेली ती गेलीच. समोरच्या मुलीचे पेढे हातात घेतले तेव्हा मला तिची आई व्हायचं नव्हतं, मला ती मुलगी व्हायचं होतं. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मग तू आता कर ना पूर्ण." मी हसले, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. त्यानंतर त्याला सांगितलं, जा, गिरणीतून दळण घेऊन ये. कुरकुरत गेला.

फॉर्म त्याने भरला. वरचे सहा पर्याय त्याचे होते, आणि त्यातले दोन मला माहीतसुद्धा नव्हते. एक सांगलीचं वालचंद, इलेक्ट्रिकल. मी म्हटलं, इतक्या लांब? तर म्हणाला, "पुणं जवळ होतं का?" ते लागलं नाही. तिसऱ्या यादीतही वरचं काहीच लागलं नाही. हातातली जागा राहिली, नाशिकचीच. यादी बघितली तेव्हा तो आणि मी शेजारी बसलो होतो. त्याने लॅपटॉप मिटला आणि "ठीक आहे, फ्रीझ" एवढंच म्हणाला. ठीक नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, दहावीनंतर पहिल्यांदा. मीही रडले. नळ सोडायची गरज पडली नाही.

समोरची मुलगी परवा पुण्याला गेली. तिची बॅग खाली उतरवायला हाच गेला. वर आल्यावर बराच वेळ खिडकीत उभा होता. मी स्वयंपाकघरातच थांबले.

निळीशाई ताई, तुम्ही म्हणालात म्हणून मी गॅलरीत जाऊन बसले. हे म्हणाले, "मला १९९८ ला डिप्लोमानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळत होता. वडील म्हणाले, नोकरी धर. मला वाटलं होतं, याच्या वेळेला ते फिटेल." अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आम्ही दोघांनी आपापली राहिलेली परीक्षा त्या पोराच्या दप्तरात भरली होती, आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

काल रविवारी हे माळ्यावर चढले. धुळीतून एक लांबुळकं पुडकं काढलं. त्यांचा पॉलिटेक्निकचा ड्राफ्टर, ड्रॉइंगच्या बोर्डवर लावून रेघा मारायचं साधन, जुन्या धोतरात गुंडाळलेला. मुलाला काही बोलले नाहीत. डायनिंग टेबलवर ठेवला, रॉकेलने पुसला, स्क्रू तपासले. मुलगा येऊन बघत बसला. दोघं तासभर कागदावर रेघा मारत होते. ह्यांनी त्याला समांतर रेघा कशा मारायच्या ते दाखवलं. घरात एवढा आवाज दोन महिन्यांत झाला नव्हता.

वऱ्हाडातून दादा, तुमच्या मुलाचं सिव्हिल सुरू झालं का? त्यालाही ड्राफ्टर लागेल ना? खडू_डस्टर सर, एक विचारायचं होतं. एवढा जुना ड्राफ्टर आता चालतो का, की नवाच घ्यावा लागतो?

वऱ्हाडातून:
सुरू झालं ताई. पहिल्या दिवशी मीच स्टँडवरून सोडलं. गणिताच्या सरांकडे जातो रोज. ड्राफ्टरचं मलाही ऐकायचं आहे, नवा घेतला तर दोन वेळा विचार करावा लागेल.

खडू_डस्टर:
चालतो. आधी कॉलेजात विचारून घ्या, काही ठिकाणी पहिल्या वर्षीच सगळं ड्रॉइंग संगणकावर घेतात. शीटवर असेल तर एक तपासा. बोर्डवर लावून काटकोन बरोबर येतो का ते सेट-स्क्वेअरने बघा, आणि दोन्ही पट्ट्या हलवून सांध्यात खेळ आहे का ते पाहा. खेळ असेल तर रेघा तिरक्या जातील. तेवढं ठीक असेल तर नवा घेऊ नका, जुने ड्राफ्टर वजनाला जड असतात, बोर्डवर हलत नाहीत.

वऱ्हाडातून दादा, आमच्या स्टोअरमध्ये पास होऊन गेलेल्या मुलांनी ठेवून दिलेले चार-पाच आहेत. पत्ता मला खाजगी निरोपात कळवा, एक पाठवतो.